मुलांना बरं-वाईट कसं कळतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालकसभेत माइकवर फारसं कुणी काही विचारत नाही. सभा संपते, चहा-बिस्किटं येतात, आणि मग एकेक जण बाजूला घेऊन हळूच विचारतो, "मॅडम, आमचा धाकटा फार खोटं बोलतो हो." असे प्रश्न मी बरीच वर्षं वहीत टिपत आले. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे घेतले आहेत. उत्तरांना जिथे संशोधनाचा आधार आहे तिथे तो दिला आहे. जिथे नुसतं माझं मत आहे, तिथे ते माझं आहे असं म्हटलं आहे.

मुलांना बरं-वाईट नेमकं कितव्या वर्षी कळायला लागतं?

एक ठरावीक वर्ष सांगता येत नाही, पण बहुतेक आईवडिलांना वाटतं त्याच्या बरंच आधी. दीड वर्षाचं मूल घ्या. समोरचा अनोळखी माणूस कपडे वाळत घालतोय, त्याच्या हातून चिमटा पडला आणि त्याचा हात तिथवर पोचत नाहीये, असं दिसलं की ते दुडुदुडु जातं आणि चिमटा उचलून देतं. कुणी सांगितलेलं नसतं, शाबासकीचं आमिषही नसतं. तोच माणूस चिमटा मुद्दाम खाली टाकतो तेव्हा मात्र मुलं सहसा जागची हलत नाहीत. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ साली हे दाखवून दिलं.

त्याहून लहान बाळांबद्दल जरा जपून बोलायला हवं. डोंगर चढू पाहणाऱ्या ठोकळ्याला एक ठोकळा मदत करतो, दुसरा खाली ढकलतो, आणि सहा-दहा महिन्यांची बाळं मदत करणाऱ्याला पसंत करतात, असा येल विद्यापीठातला २००७ चा प्रयोग फार गाजला. पुढे बऱ्याच प्रयोगशाळांनी मिळून तो मोठ्या प्रमाणावर पुन्हा केला, तेव्हा तसा कल काही दिसला नाही. त्यामुळे "बाळ जन्मतःच न्यायी असतं" असे व्हिडिओ ग्रुपवर आले तर कौतुकानं बघा, पण त्यांच्यावर विसंबू नका.

लहान मुलांना सगळे नियम सारखेच वाटतात ना? मोठे सांगतात म्हणून ती पाळतात, एवढंच?

नाही. या सगळ्या विषयात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट, म्हणून इथे जरा थांबते.

एका बालवाडीत चार वर्षांच्या एका मुलीला मी विचारलं, "उद्या बाई म्हणाल्या की डबा चटईवर बसून नाही, बाकावर बसून खायचा, तर चालेल?" "चालेल." "आणि बाई म्हणाल्या, शेजारच्याला चावलं तरी चालेल, तर?" तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू माझंच काहीतरी बिनसलंय. "पण त्याला दुखेल ना!" "अगं, पण बाईच म्हणाल्या तर?" जरा विचार करून ती म्हणाली, "मग बाईंना कळत नाही."

हा प्रश्न माझा नाही. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ एलियट ट्युरिएल आणि त्यांचे सहकारी १९७० च्या दशकापासून मुलांना हेच वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारत आले आहेत: नियमच नसता तर? बाईंनी परवानगी दिली तर? दुसऱ्या देशात असं करत असतील तर? उत्तरांमधून दिसतं ते असं, की साधारण तीन-चार वर्षांपासूनच मुलं नियमांचे दोन ढीग करायला लागतात. एका ढिगात मारणं, हिसकावणं, चोरणं. ते कुणी परवानगी दिली तरी वाईटच, कारण त्यानं दुसऱ्याला इजा होते, कुणाचं तरी हक्काचं जातं. दुसऱ्या ढिगात गणवेश, रांग, बाईंना नावानं हाक न मारणं. हे सगळे संकेत. ठरवणाऱ्यानं बदलले की बदलले. पुढे तिसरा ढीगही ठळक होतो: माझे मित्र कोण, माझे केस कसे, माझ्या डायरीत काय. यात दुसऱ्यानं पडायचं नाही.

लॅरी नुक्की यांनी तर अमिश-मेनोनाइट या ख्रिस्ती पंथासारख्या कडक धार्मिक घरांतल्या मुलांनाही विचारलं. देवानं रविवारी काम करू नये असा नियम केलाच नसता, तर काम केलेलं चालेल? चालेल. देवानं चोरी करा म्हटलं असतं, तर चोरी योग्य ठरेल? बहुतेक मुलं यावर नाही म्हणाली.

आता आपल्या घरात संध्याकाळी सात वाजता काय ऐकू येतं ते आठवा. "चपला आत आणू नकोस." "ताटात टाकू नकोस." "दादाला मारू नकोस." "काकांच्या पाया पड." सगळं एकाच पट्टीत, एकाच रागात. मुलानं मनात ढीग वेगळे केलेले असतात आणि आपण ते पुन्हा कालवतो. माझं म्हणणं एवढंच, की कारण द्या, आणि ते त्या ढिगातलंच द्या. मारलं तर "बघ, तिचा हात लाल झाला", चपलांसाठी "आपल्याकडे अशी पद्धत आहे". बहिणीला ढकलल्यावर "लोक काय म्हणतील" असं म्हणणं म्हणजे रोग एक आणि औषध भलतंच.

सोवळं, सुतक, गुरुवारी मांसाहार न करणं हे कोणत्या ढिगात?

यावर संशोधकांमध्येच चांगली जुंपली होती, आणि तीही आपल्या देशातल्या एका शहरावरून. रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्रा आणि जोन मिलर यांनी भुवनेश्वर आणि शिकागो इथल्या मुलांना आणि मोठ्यांना काही प्रसंग सांगितले. हा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यातला एक प्रसंग: वडील वारल्याच्या दुसऱ्याच दिवशी थोरल्या मुलानं केस कापले आणि कोंबडी खाल्ली. शिकागोकरांना यात काहीच गैर दिसेना. भुवनेश्वरच्या लोकांच्या लेखी मात्र यादीतल्या सर्वांत गंभीर गुन्ह्यांपैकी तो एक होता, आणि तिथल्या लहान मुलांचंही तेच मत होतं. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

श्वेडर यांचा निष्कर्ष असा, की नीती आणि रूढी अशी फाळणी सगळीकडे होत नाही, ती पाश्चात्त्य डोक्यातून आलेली आहे. ट्युरिएल यांच्या बाजूचं उत्तर मला जास्त पटतं. ते म्हणाले, त्या लोकांची समजूत आधी विचारा. मुलाच्या अशा वागण्यानं वडिलांच्या आत्म्याला गती मिळत नाही अशी श्रद्धा असेल, तर त्यांच्या दृष्टीनं तो दुसऱ्याला इजा करण्याचाच प्रकार झाला. म्हणजे ढीग तेच, फक्त "इजा कशानं होते" याची माहिती वेगळी. म्हणूनच नातवानं "का?" विचारलं की आजी "तसं करत नाहीत" एवढ्यावर थांबत नाही, "आजोबांना त्रास होईल रे" म्हणते.

चुकून पाणी सांडलं तरी आमची पाच वर्षांची मुलगी भावाला "वाईट" ठरवते. तिला हेतू कळत नाही का?

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९३२ च्या पुस्तकात हेच मांडलं होतं. एक मुलगा दार उघडतो, दारामागे खुर्चीवर ठेवलेले पंधरा कप त्याच्या नकळत फुटतात. दुसरा आई नसताना फडताळातला मुरंबा चोरून खायला जातो आणि एक कप फोडतो. जास्त वाईट कोण? लहान मुलं म्हणायची, पंधरा कपवाला. नऊ-दहाच्या आसपासची म्हणायची, मुरंबा चोरणारा.

पुढच्या संशोधकांनी गोष्ट सोपी करून, चित्रं दाखवून, दोन्हीकडे नुकसान सारखं ठेवून विचारलं, तर तीन-चार वर्षांची मुलंही हेतू लक्षात घेतात असं आढळलं. म्हणजे त्यांना हेतू कळतो. पण डोळ्यांसमोर पंधरा फुटके कप असले की तो झाकला जातो. मोठ्यांचंही तसंच होतं. मोलाची कपबशी फुटली की "मुद्दाम केलं का?" हा प्रश्न आपल्यालाही अंमळ उशिराच सुचतो.

नुसतं खेळण्यातून काय शिकणार? क्लासला घालावं का?

पियाजे न्यूशाटेल आणि जिनिव्हाच्या पोरांबरोबर गोट्या खेळत बसायचे आणि विचारायचे, हे नियम कुणी केले? बदलता येतील? लहान पोरं म्हणायची, नियम थोरांनी केलेत, बदलता येत नाहीत (आणि स्वतः मात्र बिनदिक्कत मोडायची). दहा-बाराच्या पुढची म्हणायची, सगळे कबूल असले तर बदलू.

आपल्या गल्लीत हे बघायला पियाजे लागत नाहीत. "एक टप्पा आउट", "पहिला ट्रायल बॉल", "गच्चीवर गेला की आउट आणि आणायचा त्यानंच", हे सगळं कुणा मोठ्यानं न सांगता ठरतं. त्यातही माझी सगळ्यात लाडकी तरतूद म्हणजे कच्चं लिंबू. कुणाचा तरी चार वर्षांचा भाऊ मागे लागतो, त्याला हाकलता येत नाही आणि खऱ्या खेळात तो टिकत नाही. मग तो कच्चं लिंबू: सगळ्यांबरोबर धावायचं, पण त्याच्यावर राज्य येत नाही. सगळ्यांना एकच नियम लावणं नेहमीच न्यायाचं नसतं, हे पोरांनी परस्पर ठरवून टाकलेलं असतं. आणि दोन वर्षांनी तेच लिंबू "मी आता कच्चं नाही!" म्हणून भांडतं. राज्य घ्यायची तयारी दाखवून ते स्वतःची बरोबरी मागत असतं.

"रडीचा डाव" हा शब्द कुणी पुस्तकातून शिकत नाही. क्लासला जरूर घाला, पण संध्याकाळचा एक तास मोठ्यांच्या पंचगिरीशिवाय मोकळा सोडा.

वाटणीवरून रोज भांडणं. "तिला जास्त दिलं!"

आपल्याला कमी मिळालं की राग येणं जगभर दिसतं. भारतासह सात देशांतल्या मुलांवरचा एक अभ्यास २०१५ साली आला. दुसऱ्याला जास्त आणि स्वतःला कमी मिळत असेल, तर "कुणालाच नको" म्हणणारी मुलं सातही ठिकाणी सापडली. स्वतःला जास्त मिळत असताना ते नाकारणं मात्र वयानं मोठ्या मुलांमध्ये आणि तीनच देशांत दिसलं: कॅनडा, अमेरिका आणि युगांडा. आपण त्या तिघांत नाही. यावरून लगेच कुणाला नावं ठेवू नयेत. घरी उपाय जुनाच आहे: एकानं कापायचं, दुसऱ्यानं आधी उचलायचं.

मुलगा खोटं बोलायला लागलाय. आत्ताच ठेचायला हवं का?

आधी एक अजब वाटेल अशी गोष्ट सांगते. तीन-चार वर्षांचं मूल खोटं बोलतं, कारण त्याला एक नवी गोष्ट कळलेली असते: माझ्या डोक्यात जे आहे ते आईच्या डोक्यात नाही. ही समज वाढत जाते तसं खोटंही सफाईदार होतं. म्हणजे हे वाढीचं लक्षण आहे. तुमचा मुलगा पुढे भामटा निघणार असं त्यातून सिद्ध होत नाही.

व्हिक्टोरिया तलवार आणि कँग ली यांचा प्रयोग साधा आहे. खेळणं पाठीमागे ठेवायचं, "वळून बघू नकोस" म्हणून बाहेर जायचं, परत येऊन विचारायचं, "बघितलंस?" बहुतेक लहान मुलं बघतात, आणि त्यातली बरीच "नाही" म्हणतात. २०१४ साली त्यांनी हा प्रश्न विचारण्याआधी मुलांना गोष्टी सांगितल्या. एका गटाला आपली ओळखीची "लांडगा आला रे आला", एका गटाला नाक लांब होणाऱ्या लाकडी बाहुल्याची, आणि एका गटाला लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टनची, ज्यानं झाड तोडल्याचं कबूल केलं आणि वडिलांनी पाठ थोपटली. पहिल्या दोन गोष्टींचा काही उपयोग झाला नाही. तिसरीनं जास्त मुलं खरं बोलली. तिचाच शेवट बदलून कबुलीऐवजी शिक्षा दाखवली, तर परिणाम गेला.

पिढ्यानपिढ्या आपण लांडगा सांगत आलो, तो का चालत नाही ते यात दिसतं. खोटं बोललं तर लांडगा खातो हे मुलाला कळतं. खरं बोललं तर काय होतं, ते त्या गोष्टीत नाहीच.

शप्पथेचंही थोडं. "खरं सांगेन असं कबूल कर" एवढं आधी म्हणवून घेतलं तरी मुलं जास्त खरं बोलतात असं दिसलं आहे. "आईच्या गळ्याची शप्पथ" घालायची गरज नाही. तिनं मूल नुसतं घाबरतं.

मग मारायचंच नाही का? आम्ही मार खाऊनच शिकलो.

तलवार आणि ली यांनीच पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधल्या तीन-चार वर्षांच्या मुलांची तुलना केली. एका शाळेत छडीचा धाक होता, दुसरीत नव्हता. धाकाच्या शाळेतली मुलं जास्त खोटं बोलली, आणि बेमालूम बोलली. तुम्ही मार खाऊन शिकलात हे खरंच आहे, पण नक्की काय शिकलात ते एकदा आठवून बघा.

मार्टिन हॉफमन यांनी शिस्तीच्या तीन तऱ्हा सांगितल्या: बळ वापरणं, माया आवरून घेणं ("जा, मी बोलणार नाही तुझ्याशी"), आणि तुझ्या वागण्यानं समोरच्याचं काय झालं ते दाखवणं. तिसरीचा संबंध मुलांच्या आतून येणाऱ्या समजेशी सर्वांत जास्त आढळतो. शाळेपुरतं म्हणाल तर प्रश्नच नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. उठाबशाही त्यात आल्या.

चांगलं वागलं की बक्षीस?

वीस महिन्यांच्या मुलांना मदतीबद्दल खेळणं दिलं, तर पुढे ती मदत कमी करायला लागली. नुसतं "शाब्बास" म्हटलेली करत राहिली. दर वेळी चॉकलेट काढू नका.

कोलबर्गच्या पायऱ्या खऱ्या आहेत का? (हा प्रश्न बी.एड. आणि टीईटीवाल्यांचा.)

परीक्षेत नैतिक विचाराच्या वाढीचे तीन स्तर आणि सहा पायऱ्या लिहा, गुण मिळतील. इथे बाकीचं सांगते. लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९५८ च्या प्रबंधासाठी शिकागो परिसरातले ७२ जण निवडले, सगळे मुलगे. पत्नी मरणपंथाला लागली आहे, औषध न परवडणारं आहे, तर हाइन्झनं ते चोरावं का, हा त्यांचा प्रसिद्ध पेच. "चोरावं" की "चोरू नये" याला गुण नव्हते, कारणाला होते. शिक्षेची भीती खाली, सर्वांना लागू पडणारी तत्त्वं वर.

कॅरोल गिलिगन यांनी १९८२ साली आक्षेप घेतला, की नाती सांभाळण्याचा विचार या शिडीवर खालीच अडकतो. आपल्या दृष्टीनं आणखी एक अभ्यास मोलाचा आहे. जोन मिलर आणि डेव्हिड बरसॉफ यांनी १९९२ साली म्हैसूर आणि अमेरिकेतलं न्यू हेवन इथल्या लोकांना विचारलं: मित्राच्या लग्नातल्या अंगठ्या वेळेत पोचवायच्यात, पैसे गेलेत, तर दुसऱ्याचं तिकीट चोरावं का? म्हैसूरकरांमध्ये "मित्राला दिलेला शब्द आधी" म्हणणारे अमेरिकनांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. लग्नघरी अंगठ्या पोचल्या नाहीत तर काय होतं, हे म्हैसूरला जास्त ठाऊक असावं. त्यांना खालच्या पायरीवर बसवायचं की शिडीच तपासायची? मी शिडी तपासेन.

नववीतली मुलगी उलट बोलते. संस्कार कुठे कमी पडले?

बहुधा कुठेच नाही. तिसरा ढीग आठवा. ज्युडिथ स्मेटाना यांच्या संशोधनात हेच वारंवार येतं, की किशोरवयात चोरी, मारहाण, सुरक्षितता यांबाबत आईवडिलांचा अधिकार मुलं मान्य करतात. भांडण होतं ते सीमेवरच्या गोष्टींवरून. खोलीतला पसारा आईच्या लेखी घराची शिस्त, मुलीच्या लेखी "माझी खोली". ती शिस्त नाकारत नसते. ही गोष्ट कुणाच्या हद्दीत येते, एवढ्यावर तिची हरकत असते.

मोबाइल तर तिन्ही ढिगांत पाय ठेवून उभा आहे. मैत्रिणीचा फोटो न विचारता पुढे पाठवला तर तो नीतीचा प्रश्न. जेवताना फोन नको ही घरची पद्धत. वॉलपेपर कुठला, तो तिचा. अनोळखी माणसाशी रात्री चॅट, ही सुरक्षितता. "मोबाइल ठेव!" या एकाच वाक्यात हे चारही कोंबले की वाद हरायची खात्री.

एकटा असताना शहाणा, मित्रांत गेला की वेडा. असं का?

मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली गाडी चालवण्याचा व्हिडिओ गेम वापरला. एकटे असताना किशोर आणि प्रौढ जवळपास सारखाच धोका पत्करत होते. मित्र बघत असले की १३ ते १६ वयाच्या मुलांचा धोका बराच वाढला, चोविशीच्या पुढच्यांचा नाही. त्यामुळे "हेल्मेट का घालावं" हे त्याला पाठ असून पुरत नाही. ट्रिपल सीट निघताना सोबत कोण आहे, तेही विचारा.

जातीपातीचं मुलांच्या डोक्यात येतं कुठून? आम्ही तर घरी बोलत नाही.

पाच वर्षांच्या मुलांना नुसते वेगवेगळ्या रंगांचे टीशर्ट दिले, तरी ती आपल्या रंगाच्या मुलांना झुकतं माप देतात. गट पाडण्याची सवय तयारच असते. कोणता गट महत्त्वाचा, ते मात्र आपण दाखवतो. "घरी बोलत नाही" म्हणणाऱ्या घरांतही नवीन मित्राचं नाव कळल्यावर पुढचा प्रश्न "आडनाव काय?" असतो, आणि ते ऐकून चेहऱ्यावर जे उमटतं ते मूल वाचतं. कामवाल्या मावशींचा वेगळा कप तर रोज दिसत असतो.

मेलनी किलन यांच्या अभ्यासांत बहुतेक मुलं, केवळ वंशावरून किंवा मुलगी आहे म्हणून कुणाला वगळणं चूक मानतात. पण वय वाढतं तशी "गट नीट चालायला हवा" ही सबब पुढे येऊ लागते. गणपतीच्या ढोलपथकात कुणाला घ्यायचं, यावर आठवीतल्या पोरांची चर्चा ऐका.

परिपाठातल्या सुविचारानं फरक पडतो का?

१९२० च्या दशकात ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी अमेरिकेत सुमारे ११,००० मुलांना फसवणुकीची संधी देऊन पाहिली. परीक्षेत कॉपी न करणारं मूल खेळात गुण वाढवून सांगत होतं. नीतीच्या शिकवणीनं फारसा फरक दिसला नाही. फळ्यावरचा सुविचार अक्षर सुधारायला चांगला. त्याऐवजी आठवड्यातून एकदा वर्गातलं खरं भांडण मधोमध ठेवून मुलांना बोलू द्या.

कायदा कोणत्या वयापासून जबाबदार धरतो?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २० प्रमाणे सात वर्षांखालच्या मुलाची कुठलीही कृती गुन्हा नाही. कलम २१ प्रमाणे सात ते बारा वयात परिणाम समजण्याइतकी परिपक्वता नसेल तर गुन्हा नाही. अठराच्या आतल्यांना बाल न्याय कायदा, २०१५ लागू होतो. सोळा ते अठरामधल्यानं अतिगंभीर गुन्हा केला असेल, तर बाल न्याय मंडळ आधी त्याची समज तपासतं.

सारखा चहाड्या करतो. "चहाडी करू नये" असं शिकवावं का?

लहान मुलांच्या चहाड्या बहुतांशी खऱ्या असतात. नियम सगळ्यांना लागू व्हावा, एवढंच त्यांना हवं असतं. नववी-दहावीपर्यंत मात्र "चुगलखोर" ही शिवी होते आणि तोंडं मिटतात. दुसरीतला एक मुलगा दिवसाला सहा तक्रारी आणायचा: यानं माझा खोडरबर घेतला, ती रांग मोडते. बाईंनी कंटाळून त्याला गप्प बसवलं. नंतर कळलं, सातवी तक्रार त्याला स्वच्छतागृहात कोंडून ठेवणाऱ्या मोठ्या मुलांची होती आणि ती त्यानं आणलीच नाही. आता त्या वर्गात एक साधा प्रश्न विचारतात: "कुणाला लागलंय का, कुणी घाबरलंय का?" हो असेल तर ती चहाडी नाही, लगेच सांगायचं. बाईंना, घरी, आणि तिथेही कुणी ऐकत नसेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर.